हिऱ्यात रजा नसते

धाकट्या मालकांना व्याख्यानाला कोणी जाऊ दिलं, हे आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर त्या माणसाला पेन्सिल कारखान्यातल्या लोकांनी गाठून चांगला जाब विचारला असता. धाकट्या मालकांचं कसं होतं, की व्याख्यानाला जाताना रिकामे जायचे, येताना भरून यायचे, आणि भरून आले की सगळं आमच्या गरिबांच्या कारखान्यावर सांडायचे. एकदा मधमाश्यांवरचं ऐकून आले, तर पॅकिंगवाल्यांना एकमेकांशी बोलायचं झालं तर नाचून बोलावं लागत होतं. एकदा झाडांवरचं ऐकलं, तर सगळ्यांच्या खुर्च्या उन्हाकडे वळवल्या. पण त्यांचं कुठलंही खूळ दुपारच्या जेवणापर्यंतच टिकायचं. जेवण झालं की मालकांना डुलकी लागायची, आणि उठले की काही आठवायचं नाही. त्यामुळे कोणी फारसं मनावर घेत नसे.

त्या दिवशी शिसेमावशीनेही मनावर घेतलं नाही, आणि तिथेच तिचं चुकलं.

शिसेमावशी म्हणजे पेन्सिलीच्या आतली काळी काडी बनवणारी बाई. ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती पाण्यात कालवायची, चक्कीत घोटायची, यंत्रातून लांब काड्या काढायच्या आणि भट्टीत भाजायच्या. त्या काडीत शिशाचा कणही नसतो, पण लोक तिला शिसंच म्हणतात, म्हणून ही शिसेमावशी. वर्षानुवर्षं हे काम करून तिची कोपरापर्यंतची कातडी काळी आणि गुळगुळीत झाली होती. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. आणि त्या दिवशी दुपारी तीनच्या बसने लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती.

सकाळी चहा पिताना दोघींचं वाजलं. वाजायला काही कारण लागतं का? लेक म्हणाली, मोठी बॅग नेते. मावशी म्हणाली, एवढी मोठी कशाला, कायमची चाललीस का? लेक म्हणाली, बॅगेचा काय संबंध? मग बॅग राहिली बाजूला आणि मावशीच्या तोंडून जे जायला नको तेच गेलं. "जातेस तर जा. पण मग परत या दारात पाऊल टाकू नकोस." लेकीने कप धुतला, पालथा घातला आणि एवढंच म्हणाली, "तीनची बस आहे." कारखान्याच्या वाटेवर अर्ध्यात आल्यावर मावशीला आपण काय बोललो ते कळलं. आता बस सुटायच्या आत जाऊन ते वाक्य परत घ्यायचं, एवढी एकच गोष्ट तिला त्या दिवशी करायची होती. दोन वाजता सुट्टी मागायची, बस अड्ड्यावर जायचं, चुकलं म्हणायचं. साधं काम.

तर कारखान्यात पाऊल ठेवते तो मालक स्टुलावर!

"कोळसा, पेन्सिलीचं शिसं आणि हिरा," मालक दोन्ही हात हवेत फेकून सांगत होते, "तिन्ही एकच! सगळा कार्बन! फरक काय तो रचनेचा. शिशात प्रत्येक अणू शेजारच्या तिघांना धरतो. त्याचा होतो एक पातळ थर. असे थर एकमेकांवर नुसते ठेवलेले असतात, म्हणून घसरतात, म्हणून कागदाला लागतात. आणि हिऱ्यात? हिऱ्यात प्रत्येक अणू चौघांना धरतो. तीन बाजूचे आणि एक वरच्या नाहीतर खालच्या थरातला. मग घसरणार कुठे? जगातली सगळ्यात कडक वस्तू तयार!"

"बरं मग?" टोककाकांनी विचारलं. टोककाका दिवसभर पेन्सिलींना टोक काढून बघायचे की लाकूड नीट सोललं जातं का. खिशात कायम पातं असायचं, आणि स्वभावही त्याच वळणाचा.

"मग आपला कारखाना असा का? घसरट! हा इकडे जातो, तो तिकडे जातो, कोणाला कोणाचा आधार नाही. काका, माणसं तीच ठेवायची, फक्त रचना बदलायची. आजपासून प्रत्येकाने चौघांना धरायचं."

शिसेमावशी पुढे झाली. "मालक, मला दोनला निघायचंय. माझी लेक तीनच्या बसने चाललीय."

"मावशी," मालक हळहळून म्हणाले, "हिऱ्यात रजा नसते हो. एक अणू निघून गेला की तिथे भोक पडतं."

मावशी काही तरी बोलणार होती, पण शेजारून लेबलवाली वहिनी कुजबुजली, "बोलू नकोस गं. जेवणापर्यंत विसरतील." ते मावशीलाही पटलं. सगळ्यांनाच पटलं. साठेक शहाणी माणसं स्वतःला बांधून घ्यायला तयार झाली, कारण बांधणारा दुपारी झोपणार होता. आता या अकलेला काय म्हणायचं?

बांधायचं काम गाठीमामांकडे आलं. मामा पॅकिंगचे प्रमुख. त्यांनी आयुष्यात एकच गाठ शिकली होती आणि ती ओढली की आणखी आवळायची. त्यांनी सुतळीचे गठ्ठे आणले. काही माणसं जमिनीवर उभी केली, काही टेबलांवर, काही माल ठेवायच्या उंच फळ्यांवर. असे तीन थर झाले. दोन मनगटं आणि कंबर आपल्याच थरातल्या तिघांना, आणि घोट्याची चौथी दोरी वरच्या नाहीतर खालच्या थरातल्या कोणाला तरी. मावशी मधल्या थरात, टेबलावर, बरोबर मध्यभागी. डाव्या मनगटाला टोककाका, उजव्याला लेबलवाली वहिनी, कंबरेला खुद्द गाठीमामा, आणि घोट्याची दोरी वरच्या फळीवरच्या रंगारीबुवांना. मालक म्हणाले, मालक झाला तरी अणूच, आणि तेही मधल्या थराच्या पार कोपऱ्यात बांधून घेऊन उभे राहिले. शेवटची गाठ मामांनी स्वतःला मारली, शेजारून टोककाकांनी एक टोक ओढलं आणि ती घट्ट झाली.

तेव्हा कुठे टोककाकांच्या डोक्यात उजेड पडला. "अहो मामा, सोडणार कोण?"

मामांनी खूप विचार केला. "ते राहिलंच," ते म्हणाले.

पुढे जे झालं त्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहिलं. दोऱ्या सगळीकडून सारख्या ताणल्या गेल्या आणि कारखाना कडक व्हायला लागला. आधी कोणाला हलता येईना. मग वाकता येईना. छताच्या काचेतून ऊन आत येत होतं, ते माणसांवर न थांबता माणसांतून पलीकडे जायला लागलं. फरशीवर तांबडे, निळे, हिरवे पट्टे पडले. लेबलवाली वहिनी पाण्यासारखी स्वच्छ झाली आणि तिच्या पोटातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं.

"अगं बाई! माझ्यातून काय दिसतंय?" वहिनी घाबरली.

"तारीख," मावशी म्हणाली.

तारीख दिसली ते ठीक, पण भिंतीवरचं घड्याळही दिसायला लागलं. एरवी ते फळ्यांच्या आड असायचं. आता माणसं, फळ्या, डबे सगळ्यांतून ते मोठ्ठं घड्याळ थेट मावशीच्या डोळ्यांसमोर. बारा वाजले. जेवणाची घंटा कोणी वाजवली नाही, कारण घंटेवालाही बांधलेला. डबे खिडकीखाली ओळीने ठेवलेले, आणि साठ माणसं त्यांच्याकडे बघत उभी. मालकांना जेवण नाही, टेकायला जागा नाही, चारी बाजूंनी ताण. डुलकी लागणार कशी? ते कोपऱ्यात टक्क जागे होते आणि लखलखत होते.

टोककाकांनी बोटांनीच खिशातलं पातं काढलं आणि मनगटाची सुतळी घासली. पात्याची धार बोथट झाली. दोरीला ओरखडाही नाही.

"मालकांना सांगा," मावशी काकांना म्हणाली. मालकांना तिची हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं, कारण टेबलावर चढायच्या आधी सवयीने तिनेच सुरू केलेली चक्की बंद करायला कोणी मोकळं नव्हतं आणि ती अखंड गडगडत होती. "शेजारच्याला सांगा, तो पुढच्याला सांगेल. म्हणावं मावशीला सोडा. तीनची बस आहे."

"सांगतो ना," काका म्हणाले, आणि सांगायला तोंड उघडून तसेच राहिले. "काय सांगायचं होतं?"

तिने वहिनीला सांगितलं. वहिनीचंही तेच. चार दोऱ्या सांभाळता सांभाळता प्रत्येकाचं सगळं लक्ष संपत होतं. निरोप न्यायला कोणाजवळ उरलंच नव्हतं काही. ज्या कारखान्यात एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला लगेच काढा सुचवायचे, तिथे एक साधं वाक्य हातभर पुढे सरकेना! तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. वाक्य शेजारी जायचं आणि तिथेच मरायचं. एक वाजला. दोन वाजले.

दोन वाजून गेल्यावर मावशीच्या डोळ्यांसमोर लेक आली. खिडकीजवळच्या सीटवर बसलेली, मोठी बॅग मांडीवर. आई येते का म्हणून रस्त्याकडे बघणारी. मग बस सुटणार, आणि त्या पोरीच्या कानात जन्मभर काय राहणार? परत या दारात पाऊल टाकू नकोस. आई शेवटचं काय बोलली, तर हे! आणि का? तर या शहाण्याने व्याख्यान ऐकलं म्हणून! मावशीने कोपऱ्यात पाहिलं. मालक तिच्याकडे बघून कौतुकाने हसले.

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तिथे थांबली नाही. मनगटातून टोककाकांत गेली, वहिनीत गेली, कंबरेतून मामांत, घोट्यातून रंगारीबुवांत. निरोप हलत नव्हता, पण राग? डोळ्याची पापणी लवायच्या आत राग सगळ्या कारखान्यात पोचला. कशासाठी रागावलोय हे एकालाही ठाऊक नव्हतं, तरी साठच्या साठ माणसं लालबुंद झाली. फळीवरचे रंगारीबुवा, ज्यांनी कधी डासालासुद्धा चापट मारली नव्हती, ते दात-ओठ खाऊ लागले. मालकांना स्वतःचाच इतका राग आला की त्यांना काय करावं सुचेना. हवा तापली, सगळ्यांच्या अंगातून वाफा निघायला लागल्या.

"खिडकी उघडा कोणीतरी!" वहिनी ओरडली.

"नको!" वहिनीची नजर खिडकीकडे गेलेली पाहून मालक चक्कीच्या वरचढ आवाजात किंचाळले. "तापलेल्या हिऱ्याला हवा लागली तर तो जळून जातो! राखसुद्धा उरत नाही!"

खिडकी उघडायला मोकळं कोण होतं म्हणा. बंद खोलीत साठ माणसं तापत राहिली, तापत राहिली, आणि मग मावशीच्या घोट्याशी कट् असा आवाज झाला. चौथी दोरी सुटली. मग वहिनीची. मग सगळीकडून कट् कट् कट्, उन्हात पत्रे तडकावेत तसं. प्रत्येकाची एकेक दोरी, घोट्याची, वरच्या नाहीतर खालच्या थराला धरणारी. बाकीच्या तीन मात्र होत्या तशाच. वरचा थर हलकेच खाली बसला, मधला त्याच्याखालून अलगद बाहेर सरकला. माणसांची पारदर्शकता गेली. सगळी पूर्वीसारखी काळपट, धड दिसणारी आणि अंगाला हात लावला तर निसटणारी झाली.

"तीनची बस," मावशी अजून बोलतच होती, "माझी लेक..."

आणि कोपऱ्यातून मालक लगेच ओरडले, "अरे देवा! मावशी, आधी नाही का सांगायचं?"

"सकाळपासून तेच सांगतेय!"

"निरोप आत्ता आला हो, झर्रकन आला! चौथा हात सुटला ना, तो मोकळा फिरतो, तोच निरोप नेतो. हिऱ्यातून वीज जात नाही, उष्णता जाते. शिशातून वीज जाते. व्याख्यानात सांगितलं होतं, मीच विसरलो." मालकांचे डोळे पाणावले. "आपण हवेशिवाय तापलो आणि शिसं झालो, मावशी."

"आपण शिसंच होतो! पेन्सिलीच करत होतो इथे! मामा, माझ्या दोऱ्या सोडा आधी."

मामांनी ओढून पाहिलं. "या तीन तर जास्तच आवळल्यात. एकेक दातांनी सोडायची म्हणजे संध्याकाळ होईल."

"थरातलं बंधन हिऱ्याहून पक्कं," मालक अभिमानाने म्हणाले.

घड्याळात अडीच होऊन गेले होते. "मग चला," मावशी म्हणाली. "सगळे चला."

आणि मधला थर निघाला; बाकीचे दोन थर आपापल्या गाठी दातांनी सोडत मागे राहिले. पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकजण तिघांना बांधलेला, षटकोनांची एक जाळी. मध्यभागी मावशी, एका कोपऱ्यात मालक. दारातून निघताना तिरके झाले, रस्त्यावर पुन्हा पसरले. खरं सांगायचं तर चालले नाहीतच, घसरले. वळणावर पाय न उचलता वळायचे. समोरून सायकलवाला आला, तो घाबरून एका षटकोनातून आत शिरला आणि दुसऱ्यातून बाहेर पडला. एक कुत्रं मात्र आत शिरलं आणि त्याला ती जागा आवडली, ते सोबत धावत राहिलं. "खड्डा!" असं पुढच्याने म्हटलं की मागच्याचा पाय त्याच क्षणी चुकवायचा. एवढ्या माणसांत एकदाही कोणाचा कोणाला धक्का लागला नाही.

अड्ड्याच्या अलीकडे बोळ होता. दोन माणसं जेमतेम जातील एवढा. थर अडला.

"मोठ्या रस्त्याने जाऊ," गाठीमामा म्हणाले.

"वेळ नाही!" मावशी रडकुंडीला आली.

"गुंडाळा!" मालक ओरडले. कागदाची सुरळी करतात तसा थर गोल गुंडाळला गेला, काही माणसं भिंतीवर पाय देऊन चालली, मालक काही पावलं चक्क उलटे लटकून गेले, आणि सुरळी बोळातून सर्रकन आरपार झाली. पलीकडे पुन्हा सपाट. "हे तर कार्बनचं आणखीच एक रूप, नळीचं!" मालक आनंदाने म्हणत होते, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

बस उभी होती. इंजिन सुरू. कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरलेली. लेक खिडकीत होती आणि मोठी बॅग मांडीवर होती. ती रस्त्याकडे बघत नव्हती. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती, डोळे सुजलेले होते.

थराचा काठ बसला लागला तेव्हा मावशी अजून खूप आत होती. हाक मारली तर इंजिनाच्या आवाजात विरली. मग तिने टोककाकांना सांगितलं, आणि निरोप माणसामाणसांतून धावत काठाशी पोचला. काठाला सुताराचं काम करणारी एक थोराड बाई होती. तिने खिडकीवर टकटक केलं. "तुझी आई म्हणते, सकाळचं वाक्य परत घेतलं."

लेकीने त्या जाळीकडे पाहिलं. पंचवीस-तीस घामाघूम माणसं, एकमेकांना सुतळीने बांधलेली, मध्ये एक कुत्रं. तिला नवल वाटलं नाही, कारण ती याच कारखान्यातल्या बाईची लेक होती. "तिला म्हणावं, मला तिच्या तोंडून ऐकायचंय," ती म्हणाली.

निरोप परत आला. लांबून निरोप पाठवणं सोपं होतं हो, दुसऱ्याच्या तोंडून. आता समोर उभं राहून बोलायचं!

पण थराने विचारलंच नाही. काठ बसच्या मागून वळला, जाळी बसच्या अंगाला चादरीसारखी बिलगली आणि मधोमध असलेली मावशी सरकत सरकत नेमकी खिडकीसमोर येऊन थांबली. एक हात टोककाकांकडे ताणलेला, एक वहिनीकडे. मायलेकींमध्ये वीतभर अंतर.

"डबा घेतलास?" मावशीने विचारलं.

"घेतला."

"पाण्याची बाटली?"

"घेतली. आई, बस सुटतेय."

"अहो बाई!" कंडक्टर दारातून ओरडला. "एक तर आत या, नाहीतर बाजूला व्हा! ही काय मिरवणूक आणलीत?"

"थांबा जरा!" पंचवीस-तीस माणसं एका आवाजात ओरडली, आणि कंडक्टर थांबला.

मावशीने श्वास घेतला. "चुकलं माझं. येऊ नकोस म्हणाले ना, ते खोटं होतं. मला..." तिने काकांकडची दोरी मुठीत धरली. "मला त्या घरात एकटीला भीती वाटते गं. म्हणून बोलले. रात्री तुझा श्वास ऐकू येतो तेव्हा मला झोप लागते. हे कोणाला सांगू मी? म्हणून तुलाच ओरडले."

हे ती अगदी हळू बोलली होती. पण थर होता तो. शब्द तिच्या मनगटातून निघाले आणि सगळ्यांना कळले. वहिनीला कळलं, मामांना कळलं, कोपऱ्यातल्या मालकांना कळलं. ही कडक बाई, जिच्यासमोर मालकसुद्धा जपून बोलायचे, ती रात्री घाबरते हे सगळ्या कारखान्याला कळलं. मावशीला लाज वाटली, पण तोंड लपवायला हात मोकळे नव्हते.

लेकीने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि आईचा चेहरा धरला. "अगं वेडे," ती रडत, हसत म्हणाली, "तू येऊ नकोस म्हणालीस. मी जन्मात कधी तुझं ऐकलंय का? पहिल्या सुट्टीला दारात उभी असेन. घालवून दे मग."

"नाही घालवणार."

"बघ हं."

कंडक्टरने घंटी ओढली. थर मागे सरकला, बस निघाली, वळली, गेली. मावशीने हुंदका दिला आणि तो हुंदका सगळीकडे गेला. गाठीमामा रडले, टोककाका रडले, ज्यांना लेक नव्हती तेही रडले. मालक तर हमसून हमसून रडले. बाजूच्या फळवाल्याला वाटलं कोणीतरी मोठं माणूस गेलं, त्याने टोपी काढली.

रडून झाल्यावर सगळे अड्ड्याच्या कठड्यावर बसले. मालकांनी नाक पुसलं. "सोडा मामा सगळ्यांना," ते म्हणाले. "पुरे झालं. उद्या मी पोलादाचा विचार करतो. त्यात म्हणे थोडी बाहेरची भेसळ लागते, शेजारच्या साबण कारखान्यातून दोनचार माणसं..."

"मालक," टोककाका म्हणाले, "उद्याचं उद्या."

मामा एकेक गाठ दातांनी सोडायला लागले. आधी वहिनीची एक, मग सुतारबाईची, मग काकांची. ऊन उतरलं. सुटलेली माणसं मनगटं चोळत, एकमेकांना निरोप देत घरी जायला लागली. कुत्रंही गेलं. शेवटी उरले काका, वहिनी आणि मामा स्वतः, तिघंही आता फक्त मावशीला बांधलेले. मामा तोंड पुसून तिच्या मनगटाकडे वळले.

मावशीने हात मागे घेतला.

"राहू द्या हो मामा," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत तरी राहू द्या."

मामांनी काकांकडे पाहिलं. काकांनी वहिनीकडे. वहिनी कठड्यावरून उठली, तिच्याकडच्या दोरीचा तिने हाताला एक वेढा जास्त घेतला आणि म्हणाली, "चल. चहा तूच करायचास पण."